खुर्च्या करायला आलेला माणूस

९ जानेवारी

बाई,

तुमचं तिसरं पत्र मिळालं. आधीच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण ती मी वाचून फाडली. हेही फाडलं असतं, पण पोस्टमनने ते माझ्या आईच्या हातात दिलं. आईचं वय चौऱ्याहत्तर. जवळचं तिला दिसत नाही म्हणून निभावलं. तिने पाकीट तसंच माझ्यापुढे ठेवलं. हे पुन्हा व्हायला नको. यापुढे लिहायचंच असेल तर दुकानाच्या पत्त्यावर लिहा. फोन करू नका. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं आणि मग ज्याला जे हवं ते तो म्हणतो. कागदावर असलेलं बरं. या पत्राची नक्कल मी ठेवली आहे.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुमच्या आई सिनेमागृहाच्या तिकीट खिडकीवर बसायच्या. तिथल्या खुर्च्यांचं गादीकाम करायला एक कारागीर आला, काही महिने राहिला, काम संपल्यावर निघून गेला, आणि मग तुम्ही जन्मलात. वडील म्हणून तुमच्या आईंनी जन्मभर एका अशा माणसाचं नाव लावलं, जो मुळात कधी नव्हताच. गेल्या वर्षी जाताना त्या एवढंच म्हणाल्या की, तो खुर्च्या करायला आला होता. आणि एवढ्याशा धाग्यावरून तुम्ही माझ्या वडिलांपर्यंत पोचलात.

बाई, खुर्च्या करणारे जगात काय कमी आहेत?

माझे वडील चार वर्षांपूर्वी वारले. त्यांनी एकच दुकान चालवलं, एकच संसार केला, आणि कामासाठी कधी गाव सोडलं नाही. गेलेल्या माणसाच्या गळ्यात कोणीही काहीही बांधावं, तो थोडाच उठून हरकत घेणार आहे? म्हणून ती मी घेतो.

तुम्ही कोर्टात टायपिस्ट आहात हे वाचून मी जास्तच सावध झालो. कुठला कागद कुठे लावायचा ते कोर्टातल्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. तेव्हा आधीच सांगतो. दुकान भाड्याचं आहे, घर आईच्या नावावर आहे. वडिलांनी मागे ठेवलं ते म्हणजे एक शिवणयंत्र, एक हातोडी आणि गुडघेदुखी. पहिल्या दोन वस्तू दुकानात आहेत, तिसरी मला मिळाली.

माझा पत्ता तुम्हाला कोणी दिला ते कळवा. आणि पत्राची सुरुवात तुम्ही 'दादा' अशी करता, ती करू नका.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

२ फेब्रुवारी

बाई,

पत्ता सिनेमागृहाच्या जुन्या डोअरकीपरने दिला म्हणता. नव्वदीचा माणूस, मुलाच्या घरी खाटेवर पडून असतो, सकाळी चहा झाला की नाही ते त्याला आठवत नाही. पण तेव्हाचा कारागीर मात्र आठवतो! डावखुरा होता, तोंडात मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायचा, जिभेने एकेक पुढे करून हातोडीच्या चुंबकावर घ्यायचा, कुठल्या गावचा, दुकान कुठल्या चौकात, सगळं. इतकं नेमकं आठवणाऱ्याचा मला संशय येतो. त्याने किती सांगितलं आणि तुम्ही त्याच्या तोंडात किती घातलं, हे तुमचं तुम्हाला माहीत.

तोंडात चुका सगळेच धरतात. मीही धरतो. डावखुरेही पुष्कळ असतात.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी, नाहीतर उद्या तुम्हीच माझं मागचं पत्र माझ्यापुढे धराल. वडील कामासाठी गाव सोडून गेले नाहीत असं मी लिहिलं होतं. मला तसंच माहीत होतं. पण मी आत्याला विचारलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"बाबा कधी सिनेमागृहाचं काम करायला बाहेरगावी गेले होते का?"

"गेला होता की. तू जेमतेम तीन वर्षांचा असशील. सात-आठ महिने होता तिकडे."

"मग मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तू विचारलंस कधी?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आज का विचारतोयस?"

मी म्हटलं, सहज.

"सहज विचारणाऱ्याचे कान असे लाल होत नाहीत," एवढं म्हणून तिने तोंडात गुळणी धरली. जिला गप्प करायला घरातल्या तीन पिढ्या थकल्या, ती आपणहून गप्प झाली. हे मला आवडलं नाही.

तर, वडील गेले होते. पण जाणं वेगळं आणि तुम्ही म्हणता ते वेगळं.

पत्रासोबत पाठवलेला तुमचा फोटो मी कोणाला दाखवलेला नाही. कपडे धुवायला टाकताना बायकोला तो माझ्या खिशात सापडला. "ही कोण गं बाई?" असं आधी जरा घुश्श्यात म्हणाली, मग खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बघत राहिली. काय म्हणाली ते इथे लिहायचं कारण नाही. तिचा चष्मा बदलायला झाला आहे.

तुम्ही सुचवलेल्या लाळेच्या डीएनए तपासणीबद्दल: मी तयार आहे. तुमच्यावर विश्वास बसला म्हणून नाही, तर एकदाचा हा काटा निघावा म्हणून. पण लॅब मी निवडणार. नमुने दोघांनी आपापले वेगळे पाठवायचे. आणि माझा निकाल आधी माझ्याकडे येईल.

१६ मार्च

बाई,

तुम्हाला कधीतरी कळणारच, म्हणून आपणच सांगतो. गेल्या आठवड्यात मी तुमच्या गावी येऊन गेलो. तुमच्या कोर्टातल्या शिपायाने मला दोनदा हटकलं. त्याने तुम्हाला सांगितलं असेल, तर तो बाकावर बसलेला करड्या शर्टातला माणूस मीच. माझी तिथे कसलीही तारीख नव्हती. तुम्ही खरोखर तिथे काम करता का, एवढं पाहायचं होतं. बनावट माणसं हल्ली पत्ता आणि नोकरीही बनावट देतात.

तुम्ही खऱ्या निघालात. दुपारी दाराशी आलात. एक म्हातारा अर्ज चुकीच्या खिडकीत घेऊन उभा होता, त्याला तुम्ही चांगलं फैलावर घेतलंत आणि मग स्वतः हाताला धरून बरोबर खिडकीशी नेलंत. तुम्हाला डबा खाताना बोलायला कोणी नव्हतं हेही पाहिलं. तुम्ही डबा खाता खाता एका हाताने कोडं सोडवत होतात. डाव्या हाताने.

माझ्या वडिलांचं तुमच्यात मला काही दिसलं नाही. ते मी मुद्दाम शोधून पाहिलं. नाक नाही, कपाळ नाही, बोलण्याची ढब नाही. मी हलक्या मनाने परतीच्या गाडीत बसलो.

तिथून सिनेमागृहही पाहायला गेलो होतो. आता तिथे फरश्यांचं गोदाम आहे. रखवालदाराने आत जाऊ दिलं. खुर्च्या कधीच्याच गेल्या, पण जमिनीत बोल्ट अजून आहेत, रांगेत रांग. माझ्या वडिलांनी इतकं मोठं काम केलं होतं आणि आम्हाला कधी त्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. दिवाणाची एक गादी केली तरी घरी येऊन वर्णन करणारा माणूस! हे मला खटकलं, ते खटकलं म्हणून लिहितो. त्याचा अर्थ लावायला जाऊ नका.

लॅबच्या नळ्या आल्या. मी माझी भरून पाठवली. आणखी एक नळी मागवून मी आत्याचीही लाळ पाठवतो आहे. का, ते सांगतो. उद्या माझा आणि तुमचा निकाल 'नाही' असा आला, तर तुम्ही म्हणाल, भावंडांत कधीकधी जुळत नाही, नमुना खराब असेल, पुन्हा करू. ती पळवाट मला ठेवायची नाही. आत्या त्यांची सख्खी बहीण. तुम्ही तिच्याशीही जुळला नाहीत, म्हणजे दोन्हीकडून दार बंद.

आत्याला मी खरं कारण सांगितलं नाही. तब्येतीची तपासणी म्हटलं.

"थुंकून तब्येत कळते?"

"हल्ली कळते."

"मग तुझ्या काकांच्या थुंकण्यावरून त्यांची तब्येत मला जन्मभर कळायला हवी होती," म्हणाली. मग नळी हातात घेऊन तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच लहान मूल आणि तिच्या हातात औषधाची बाटली. पण भरून दिली.

तुमचा नमुना कोणाशीही ताडून पाहायला तुमची हरकत नाही असं तुम्ही लॅबला लिहून दिलंच आहे. आत्याचा निकाल फक्त माझ्या नावे मागवला आहे. तो मी तुम्हाला कळवीन.

२८ एप्रिल

बाई,

निकाल आला. तुम्हालाही आला असेल. तुमचं आणि माझं रक्ताचं काहीही नातं नाही. भावंडांचं नाही, सावत्र भावंडांचं नाही, लांबचंसुद्धा नाही. लॅबवाल्याला मी फोन करून दोनदा विचारलं. तो म्हणाला, "साहेब, बसमध्ये शेजारी बसलेले दोन प्रवासी, तसे तुम्ही दोघं."

तेव्हा हा विषय इथे संपला. आत्याचा निकाल यायचा आहे, पण आता ती औपचारिकता राहिली.

मी तुम्हाला लबाड म्हणत नाही. तुम्ही तुमच्या समजुतीप्रमाणे शोधत होतात. पण एखाद्याच्या घरात असं वर्षानुवर्षं मिटलेलं पाकीट शोधायला यावं, आणि तिथे पाकीटच नसावं, याने त्या घरच्यांना काय होतं याचाही विचार पुढच्या वेळी करा. मी चार महिने माझ्या मेलेल्या बापाकडे संशयाने बघितलं. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला मी कामावर जाताना सांगून जायचो, ते सोडलं होतं. काल पुन्हा सांगितलं.

बायकोला वाटलं होतं मी आनंदाने दुकान लवकर बंद करीन. मी उशिरापर्यंत एका जुन्या आरामखुर्चीच्या स्प्रिंगा बांधत बसलो. आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. का ते कळत नाही. थकलो असेन.

तुम्हाला तुमचे वडील मिळोत.

१९ मे

बाई,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. तुम्ही माफी मागितलीत, यापुढे त्रास देणार नाही म्हणालात, आणि मला 'साहेब' लिहिलंत. तेही लिहायची गरज नव्हती.

आता तुम्ही सिनेमागृहाचा तेव्हाचा मॅनेजर आणि मशीन चालवणारा, या दोघांच्या घरच्यांना विचारणार आहात असं लिहिलंत. माझं ऐका, एवढ्यात कोणाला पत्र टाकू नका. घाई नको. लोक कसे असतात ते तुम्हाला माझ्यावरून कळलंच आहे.

आत्याचा निकाल अजून आलेला नाही.

एक विचारायचं होतं. लॅबमध्ये नळ्या अदलाबदल होतात असं तुम्ही कधी कोर्टात ऐकलं आहे का? एखादी केस? नावाची पट्टी चुकीची लागणं वगैरे. मी आपलं सहज विचारतो.

दुकानात काम खूप आहे, म्हणून आवरतं घेतो.

११ जून

काय म्हणून हाक मारावी ते कळत नाही, म्हणून नुसतंच सुरू करतो.

आत्याचा निकाल आला आहे. तुम्हाला मागचं पत्र लिहिलं तेव्हाच आला होता, माझ्या खिशात होता. तुम्ही तिची भाची आहात. सख्ख्या भावाची मुलगी. यात शंकेला जागा नाही असं लॅबने लिहिलं आहे. तुमचे वडील तेच, डावखुरे, तोंडात चुका धरणारे. डोअरकीपरला बरोबर आठवत होतं.

त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ आहे. आत्याचा आणि माझा काही संबंध नाही.

तुमच्यासाठी पळवाट नको म्हणून मी ती नळी भरली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आधी मी लॅबवर संशय घेतला. नमुना खराब झाला असं आत्याला सांगून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा नमुने दिले, तेच आलं. मग आत्यावर घेतला. तिच्या घरी जाऊन कागद तिच्यापुढे टाकला.

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. संशय होता. लग्नानंतर सातव्या महिन्यात झालेलं मूल एवढं गुबगुबीत कुठे असतं?"

"मग थुंकलीस कशाला?"

"नळी तू पुढे केलीस. मी नाही म्हटलं असतं तर तुला संशय आला नसता?"

मी उठलो. दारापर्यंत आलो तर मागून म्हणाली, "अरे, आत्या म्हणायचं सोडणार आहेस का?" असा काही आवाज होता तिचा की मी परत जाऊन बसलो. तुमचा फोटो तिने मागून घेतला. आता सांगायला हरकत नाही. तुम्ही चालता ते हुबेहूब आत्यासारखं, उजवा खांदा पुढे काढून, जड दार ढकलत निघाल्यासारखं. कोर्टाच्या आवारात मी ते पाहिलं होतं. वडिलांचं काही दिसलं नाही असं तुम्हाला लिहिलं, ते खरंच होतं; आत्याचं दिसलं हे लिहिलं नाही. आणि बायको फोटो बघून म्हणाली होती, "ही तर आत्या, केस काळे करून."

आईला विचारायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी कसा वागलो ते मला सांगवत नाही. सत्तरी ओलांडलेला कोणी दुकानात आला की मी त्याचे हात बघायचो, कान बघायचो. एक निवृत्त मास्तर दर वर्षी त्यांच्या खुर्चीची बैठक बदलायला येतात, जाताना "आईंना नमस्कार सांगा" म्हणतात. या वेळी मी त्यांना म्हटलं, "का?" बिचारे गोंधळून गेले.

शेवटी परवा दुपारी घरी आलो. आई खिडकीत बसून दुकानाची बटणं मढवत होती. सोफ्याच्या पाठीला लावतात ती, कापड चढवलेली. हे काम ती अजून करते.

मी म्हटलं, "आई, मी बाबांचा नाही का?"

तिने हातातलं बटण पुरं केलं, ताणून बघितलं. "आत्याने सांगितलं?"

"लॅबने."

"मग लॅबलाच विचार." पण मग हातातलं सगळं खाली ठेवलं. "बस. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ती."

ती म्हणाली ते असं. तिच्या माहेरी दिवाणाची गादी करायला बाबा आले होते. तेव्हा मी तिच्या पोटात होतो, आणि ज्याने तिच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं त्याने तोंड फिरवलं होतं. घरात अजून कोणाला माहीत नव्हतं. ती मागच्या दारी ओकत होती आणि बाबा हात धुवायला तिथे आले. त्यांनी विचारलं, काय होतंय. "इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं रे," आई म्हणाली. "मी परक्या माणसाला खरं सांगून टाकलं. तो हात पुसून कामाला लागला. दुसऱ्या दिवशी काम पुरं करायला आला, आणि जाताना माझ्या वडिलांकडे मला मागणी घातली."

"म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं?"

"तुझं नाव त्याने ठेवलंय."

मी विचारलं, "मग ती सिनेमागृहातली बाई?"

"कळलं होतं मला. पण मी कुठल्या तोंडाने जाब विचारणार होते? त्याने माझं एक पोटात घातलं होतं. मी त्याचं एक घातलं." मग म्हणाली, "तिच्या मुलीचं पत्र आलं तेव्हाच मला समजलं. पाठवणारीचं गाव वाचलं मी पाकिटावर. जवळचं दिसत नाही हे तू ठरवलंस. मी अजून सुईत दोरा ओवते."

हे सगळं तुम्हाला लिहायचं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. न लिहिण्याचा मोह फार होता. तुम्ही शोध थांबवला होता. मी गप्प राहिलो असतो तर बाबा माझेच राहिले असते. बायकोने एकच विचारलं, "आणि ती मॅनेजरच्या दारात जाऊन उभी राहिली, तिलाही कोणी असंच बोललं, मग?"

म्हणून लिहिलं. सोबत आत्याच्या निकालाचा कागद आहे, मूळचा. नक्कल मी ठेवलेली नाही. बाबांचा एक फोटोही आहे, दुकानात काम करतानाचा. तोंडात चुका असल्यामुळे हसू दाबल्यासारखं दिसतं.

६ जुलै

तुमचं पत्र मिळालं. फोटो तुम्ही टेबलाच्या खणात ठेवलात, मध्येच उघडून बघता, हे वाचलं. बरं वाटलं आणि वाटलंही नाही. खोटं कशाला लिहू.

तुम्ही एकच प्रश्न विचारलात: त्यांना तुमच्याबद्दल माहीत होतं का?

मागच्या पत्रात मी हे टाळलं होतं. तुमच्या ते लक्षात येणार हेही मला माहीत होतं. रोज जबाब टाइप करणाऱ्या माणसाला गाळलेली जागा दिसतेच.

माहीत होतं. तुम्ही काही महिन्यांच्या असताना डोअरकीपर आमच्या दुकानात आला होता. तुमच्या आईंनी धाडलं नव्हतं, तो आपणहून आला होता. मुलगी झाली आहे, एवढं सांगून गेला. म्हणून तर त्याला चौक आठवत होता. त्याने तुम्हाला हे सांगितलं नाही, यात मी आता त्याला दोष देत नाही. तुमच्यासमोर बसून हे बोलायला कोणाचीही जीभ अडखळली असती.

बाबा त्या दिवशी घरी येऊन आईला सरळ म्हणाले, "मला तिकडे एक मुलगी झाली आहे." आई म्हणते, ती रडली, भांडली नाही. चार दिवसांनी तीच म्हणाली, "जाऊन ये. बघून ये तिला." पुढेही म्हणाली, एकदा नव्हे, पुष्कळदा. ते गेले नाहीत. एकदा गाडीचं तिकीट काढून स्टेशनवरून परत आले.

तिने कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "एकदा तिला पाहिलं की घरी येऊन याच्याकडे बघताना माझ्या नजरेत फरक पडेल. पोराला नजर कळते."

'याच्याकडे' म्हणजे माझ्याकडे.

आईने माझं समाधान व्हावं म्हणून हे रचलं असेल, अशीही शंका मी घेऊन पाहिली. सवय जात नाही. पण यात माझं समाधान होण्यासारखं काही मला सापडलं नाही. त्यांच्या नजरेत कधी फरक पडला नाही, हे खरं आहे. मी बावन्न वर्षांचा होईपर्यंत मला कसली शंका आली नाही, एवढी ती नजर सारखी होती. ती सारखी ठेवायला त्यांनी काय दिलं ते आता कळलं, आणि ते त्यांचं एकट्याचं नव्हतं. तुम्हाला न विचारता तुमचंही दिलं.

बायको म्हणते, तीन वर्षांच्या पोराचा यात काय दोष? नसेल. मीही स्वतःला तेच सांगतो. तुम्ही रागावलात तर मात्र मी ते कारण पुढे करणार नाही.

आत्या तुमची वाट बघते आहे. तिने तर परस्पर बिछान्याची गादी नवी करायला माझ्याकडे टाकली आहे, "भाची येईल, खड्ड्यात झोपवू का तिला?" म्हणून. आईही म्हणाली, "येऊ दे. तिला काय विचारायचं ते तोंडावर विचारू दे मला." तिला तुमची भीती वाटते, पण ती ते कबूल करायची नाही.

आणि एक माझं काम आहे. आई मला त्या दुसऱ्या माणसाचं नाव सांगायला तयार आहे. "तो वाईट नव्हता, भित्रा होता," इतकंच अजून बोलली आहे. "नाव एकदाच सांगेन, परत विचारायचं नाही," म्हणाली, आणि तोंड उघडलंही होतं. मीच हात वर करून थांबवलं. मला ऐकायचं आहे. पण त्या वेळी खोलीत बायको असेल तर ती माझ्याकडे बघत राहील, आत्या असेल तर बोलत राहील, आणि एकटा असेन तर मी आईवरच काहीतरी संशय घेऊन उठून जाईन. अशा वेळी कसं बसायचं असतं, ऐकल्यावर पहिल्यांदा काय करायचं असतं, मला काहीच माहीत नाही. ज्याला माहीत आहे असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

तुम्ही येऊन माझ्या शेजारी बसाल का?